बाळंतपण केलं बाप्यानं

माझ्या वडलांनी मला पहिल्यांदा हातात घेतलं ते बाराव्या दिवशी. अंबाजोगाईला आजोळी मधल्या अंधाऱ्या खोलीत बाज, बाजेखाली शेगडी, दाराला लुगड्याचा पडदा. बाप्या माणसानं त्या पडद्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. त्याच घरातल्या मी गेल्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये बायकोचं बाळंतपण केलं. हौस नव्हती हो, लेकीनंच घाई केली.

हिशोब तसा पक्का होता. युरोपात पाहुणं म्हणून यायच्या शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९०च दिवस राहता येतं, म्हणून सासूबाईंचं तिकीट तारखेच्या आठ दिवस आधीचं काढलेलं. लेक वीस दिवस आधीच आली. तिकीट अलीकडं घेणं काही जमलं नाही. सासूबाई पोचल्या त्या बाराव्या दिवशी, थेट बारशालाच.

इकडं कुणाला दिवस गेले की आपल्या लोकांचा पहिला प्रश्न असतो, आईच्या बॅगेत काय काय मागवू? डिंक, हळीव, खारीक, बाळंतशेपा, कुंची, वाकळ. मागवा की, माझं काही म्हणणं नाही. (तूप तेवढं नको. दुधातुपाच्या वस्तू युरोपात बाहेरून आणायला बंदी आहे, बरणी विमानतळावरच राहते.) पण बॅग सगळ्यात शेवटी भरा. आधी दोन गोष्टी पक्क्या करा: घरी येणारी बाळंतपणाची बाई आणि नवऱ्याची रजा.

इथं त्या बाईच्या सेवेला क्रामझोर्ख म्हणतात. बाळ झाल्यावर साधारण आठवडाभर प्रशिक्षित बाई रोज काही तास घरी येते. खर्च मूळ आरोग्य विम्यातून निघतो, तासामागं थोडे पैसे आपल्याला भरावे लागतात. नोंदणी तिसऱ्या महिन्यातच करून टाकावी. बाळंतपण सगळं ठीक असेल तर सुईणच करते, शिकलेली, परवानाधारक. नऊ महिन्यांत डॉक्टरचं तोंड दिसलं नाही हे ऐकून माझ्या आईनं, "पैसे वाचवलालास का काय?" असं विचारलं होतं. सगळं ठीक झालं तर चार-पाच तासांत घरी पाठवतात. आम्ही दुपारी दवाखान्यात गेलो आणि रात्री घरी आलो, सोबत एक जास्तीचा जीव.

बाई येण्याआधी पलंग ठोकळ्यांवर चढवून ७० सेंटीमीटरच्या वर उंच करावा लागतो, वाकून वाकून तिची कंबर जाऊ नये म्हणून. ते ठोकळे लावताना मला बाजेखालच्या विटा आठवल्या. आजीनं शेगडीसाठी बाज उंच केलेली असायची. शेगडीसुद्धा इथं आहे, फक्त तिचा अवतार वेगळा. पत्र्याची गरम पाण्याची बाटली कापडी पिशवीत घालून पाळण्यात ठेवायची, बाळापासून वीतभर लांब, झाकण पायाकडं. बाईनं ती माझ्याकडून तीनदा ठेवून घेतली, तिसऱ्यांदा मान हलवली.

पहिल्या सकाळी तिनं माझ्या हातात रक्ताच्या चादरींची बादली दिली. आधी थंड पाण्यात, गरम नाही, एवढंच म्हणाली. मी बाथरूममध्ये उकिडवा बसून चादरी खंगाळत होतो तेवढ्यात वडलांचा व्हिडिओ कॉल आला. "तू धुवलालास?" म्हणाले. पुढं बराच वेळ गप्प. मग लेकीच्या अंघोळीचं पाणी कसं बघतो ते विचारलं. म्हटलं, ३७ डिग्री, आणि वरून कोपर बुडवून. तर म्हणाले, "आमच्या टायमाला आम्हाला कुणी पाणी बघू दिलं न्हाई."

बाकी त्या आठ दिवसांत मी नोंदी ठेवल्या. किती वेळा पाजलं, किती लंगोट ओले झाले, अंगाचा ताप, वजन. जन्मानंतर वजन थोडं उतरतंच, साधारण दोन आठवड्यांत भरून येतं, हे माहीत नसतं तर चौथ्या दिवशी मी डब्याचं दूध आणायला पळालोच असतो. त्याच दिवशी बायको काही कारण नसताना तासभर रडली. बाईनं तिला काही समजावलं नाही, माझ्याकडं लेक दिली आणि तिच्यासाठी टोस्टावर बडीशेपेच्या साखरगोळ्या पसरून आणल्या. डच लोक बाळ झालं की हेच वाटतात, मुलगी असेल तर गुलाबी-पांढऱ्या, मुलगा असेल तर निळ्या-पांढऱ्या. बडीशेपेनं दूध वाढतं असं यांच्याही आज्या सांगत आल्यात म्हणे. बायको रडता रडता हसली, "हे तर आपले बाळंतशेपेच की."

नावाचा वेगळाच घोळ. इथं तीन दिवसांच्या आत जन्माची नोंद करावी लागते, आणि नावासकट. आपल्याकडं बारशाआधी नाव फोडायचं नसतं. मी नगरपालिकेत गुपचूप नाव लिहून आलो आणि बारशापर्यंत घरात 'ताई'च म्हणत राहिलो. (जन्मानं इथलं नागरिकत्व मिळत नाही. भारतीय दूतावासात वर्षाच्या आत नोंद करा, ते विसरू नका.)

एक गोष्ट लिहू का नको, असं झालंय. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत तिथल्या बाईनं सहज विचारलं, मुलगा की मुलगी, सांगू का? आम्ही दोघंही बीड जिल्ह्यातले. २०११च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या १,००० मुलांमागं ८०७ मुली असलेला जिल्हा. तो प्रश्न कानावर पडल्यावर पोटात गोळाच आला. तिला बिचारीला कळेना, आम्ही का गप्प बसलो.

फोनवरची खरी लढाई घुटीची होती. वेखंड, हळकुंड, मायफळ उगाळून, वर मधाचं बोट. आणि धुरी. धुरीचा प्रश्न भिंतीवरच्या यंत्रानंच सोडवला. २०२२पासून इथं घराच्या प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म सक्तीचा आहे. पण घुटीला अलार्म नाही. सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको, मध तर वर्षभर नाही, हे मी सांगितलं की आई म्हणायची, "तुमच्या गोऱ्या बाईला काय कळतंय?" शेवटी तिला म्हटलं, गल्लीतल्या आशाताईला विचार. आशाताईनं तेच सांगितलं. आईनं दोन दिवस फोन केला नाही, मग मुकाट हळिवाच्या खिरीची रीत सांगितली.

गंमत अशी की गोऱ्या बाईची ही रीत आपल्याला नवी नाहीच. नवजात बाळाची काळजी घरी जाऊन घ्यायची, हे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत करून दाखवलं, त्यांचा निबंध १९९९ला 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. २०११पासून आशाताई देशभर हे काम करतात. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर तिसऱ्या दिवसापासून ४२व्यापर्यंत सहा फेऱ्या. आमच्या गल्लीत ती येते तेव्हा पडद्याआड फक्त बायका असतात, नवरा पारावर. ती जे सांगते ते त्याच्या कानावर पडतच नाही. मग रात्री लेकरू रडलं की तो सासूकडं बघतो.

मला सहा आठवडे रजा मिळाली, पहिला आठवडा पूर्ण पगारावर, पुढचे पाच ७० टक्क्यांवर. कबूल, आपल्याकडं खाजगीत असं कोण देतंय? पण रजा नाही म्हणून पडद्याबाहेर बसलेले मी कमी आणि आत जायची रीत नाही म्हणून बसलेले जास्त पाहिलेत. रानात सुट्टी मांडावी लागत नाही, तरी तिथंही तेच.

बाराव्या दिवशी सासूबाई आल्या. बूट काढले, हात धुतले, लेकीला उचललं, टाळूवर तेल जिरलंय का ते बोटानं पाहिलं. मग गॅसवरची खीर चमच्यानं चाखली. "गूळ कमी हाय, जावईबापू."

धाकट्या भावाची बायको केजला माहेरी गेलीय, पुढच्या महिन्यातली तारीख आहे. मी त्याला आठ दिवस तिथं जाऊन राहा म्हणतोय. तो म्हणतो, सासरवाडीचे लोक हसतील. आज रात्री परत फोन लावणार आहे.