मित्राच्या बहिणीचा हिस्सा आणि कागदावरची माझी सही

तुमची प्रतिक्रिया मंगळवारी वाचली, उत्तर आज शुक्रवारी देतोय. मधले तीन दिवस ती डोक्यातून गेली नाही.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. माझा पाचवीपासूनचा एक मित्र बायकांबद्दल जे बोलतो ते मला सहन होत नाही, तरी मी मैत्री तोडलेली नाही, असं मी लेखात लिहिलं होतं. वडील दवाखान्यात होते तेव्हा अकरा रात्री तो त्यांच्या उशाशी बसला, हेही लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणालात, "विचार पटत नाहीत पण माणूस सोन्यासारखा, हे वाक्य पुरुषांनाच परवडतं. त्याचं सोनं तुमच्या वाट्याला आलं. त्याच्या घरातल्या बायकांच्या वाट्याला काय आलं, कधी विचारलंत?"

विचारायची गरजच नव्हती. मला माहीत होतं. लेखातून मी ते गाळलं, आता लिहितो.

२०१३ साली त्याने बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घेतलं. वडील वारले होते आणि सातबाऱ्यावर वारस म्हणून तिचंही नाव लागलं होतं. "लग्नात घातलं तोच तिचा हिस्सा," हे त्याचं नेहमीचं म्हणणं. "बहीण वाटा मागायला लागली की समजायचं, भाऊबीज संपली," हे दुसरं. निबंधक कार्यालयात ती धाकट्या पोराला मांडीवर घेऊन बसली होती. ऑपरेटर म्हणाला, "ताई, कॅमेऱ्याकडे बघा." तिने आधी पदर सारखा केला, मग भावाकडे बघितलं, मग कॅमेऱ्याकडे. कागदात लिहिलं होतं की ती हे राजीखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता करते आहे. त्याखाली दोन साक्षीदार. त्यातला एक मी. बाहेर आल्यावर त्याने तिला साडीची पिशवी दिली आणि आम्ही सगळे जेवायला गेलो.

कायदा मला माहीत नव्हता अशातला भाग नाही. महाराष्ट्राने १९९४ सालीच, तेव्हा लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला होता. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने तो देशभरातल्या, लग्न झालेल्या मुलींनाही मिळाला. तिचं लग्न २००६ चं. दोन्हीकडून तिचा हक्क पक्का होता. जेवताना तिला एवढं जरी सांगितलं असतं तरी पुरे होतं. मी गप्प बसलो, कारण मित्राला वाईट वाटलं असतं.

म्हणून तुमच्या प्रतिक्रियेतली ही बाजू मी पूर्ण मान्य करतो. त्याच्या बोलण्याला मी लेखात "विचार" म्हटलं, ते चुकलं. ते विचार नव्हते, अडीच एकर होते.

आणखी एक गोष्ट तुमच्यामुळे लक्षात आली. तो बोलतो ते चारचौघांत. पारावर, लग्नाच्या पंगतीत, बायको ताट वाढत असताना. मी त्याला समजावलं ते, एक प्रसंग सोडला तर, कायम एकट्याला गाठून, गाडीवर मागे बसून, नाहीतर रात्री फोनवर. त्याचा अपमान नको म्हणून. पण जिला तो बोलला तिच्या कानावर माझं उत्तर कधी गेलंच नाही. तिने बघितलं ते एवढंच, की तो बोलला आणि मी मान खाली घालून जेवत राहिलो. वहिनींनी इतकी वर्षं माझ्याबद्दल काय समजून घेतलं असेल, याची आता लाज वाटते.

मैत्री तोडा, असं तुमचं म्हणणं; ते मात्र मला पटत नाही. अकरा रात्रींचे उपकार फेडायचे आहेत म्हणून नाही. त्याच्या आजूबाजूला जे दहा-बारा जण बसतात ते सगळे त्याच्या सुरात सूर मिसळणारे आहेत. मी उठून गेलो तर मला बरं वाटेल, हात झटकल्यासारखं. त्याच्या घरात काही बदलणार नाही, उलट "तू चुकतोयस" म्हणणारा एकमेव माणूसही जाईल. तुम्ही याला पळवाट म्हणाल. गप्प राहून मैत्री ठेवली तर ती पळवाटच आहे, आणि गेल्या दिवाळीपर्यंत तेच झालं.

त्या दिवाळीत मी पहिल्यांदा सगळ्यांदेखत बोललो. भाऊबीजेचं ताट समोर होतं, त्याने पुन्हा तेच वाक्य टाकलं आणि मी म्हणालो, "तिने वाटा मागितला नाही, आपण तो काढून घेतला. मी साक्षीदार होतो." तो उठून गोठ्याकडे गेला. महिनाभर फोन नाही. बहीण मात्र निघताना मला म्हणाली, "दादा, हे तेव्हा बोलायचं होतं." तुम्ही लिहिलंत त्यापेक्षा हे वेगळं नाही.

पुढच्या महिन्यात यात्रेला गावी जातोय, त्याच्याकडेच उतरणार आहे. वकिलाला विचारून ठेवलंय, तिचा वाटा परत तिच्या नावावर करायचा तर त्याला बक्षीसपत्र करून देता येतं. कागदाचा खर्च मी करतो, असं त्याला सांगणार आहे. तो बहुतेक नाहीच म्हणेल. तरी विचारणार, आणि ओसरीवर, वहिनी आणि त्याच्या दोन्ही मुली समोर असताना.