सप्लायर शोधताय? मग अनुभवी लोकांचं अजिबात ऐकू नका

लोगो झाला, वेबसाइट झाली, लाँचची तारीखही जाहीर झाली. आता वस्तू कुणीतरी बनवून द्यायची तेवढी राहिली आहे. ही किरकोळ बाब तुम्ही शेवटी ठेवलीत हे फार बरं केलंत. तारीख आधी ठरली की घासाघीस करायला वेळच उरत नाही, आणि अडला हरी कुणाचे पाय धरतो हे सप्लायरला पहिल्याच फोनवर कळतं.

सुरुवात ऑनलाइन डिरेक्टरीपासून करा. ज्याच्या पानावर 'उत्पादक' असं लिहिलंय तो उत्पादकच. तोच माणूस सायकलची घंटी, बाळाची बाटली आणि सौरदिवा असं सगळं 'स्वतःच्या कारखान्यात' बनवत असेल, तर शंका घेऊ नका. तो बहुगुणी आहे. (मधला व्यापारी वाईटच असतो असं नाही. छोट्या ऑर्डरी एकत्र करून तो कारखान्याच्या गळी उतरवतो, ते तुम्हाला एकट्याला जमणार नाही. पण तो व्यापारी आहे हे माहीत असलं तरच त्याचा उपयोग, म्हणून विचारायचं टाळाच.)

चौकशीचा मेल मोघम ठेवा. ड्रॉइंग नको, मटेरियल नको, मापात किती फरक चालेल तेही नको. 'आम्ही वेगाने वाढणारी कंपनी आहोत, बेस्ट रेट कळवा' एवढं पुरे. सोबत बारा पानी गोपनीयता करार जोडा. वस्तू काय आहे हे न सांगता आधी सही मागितली की समोरच्याची उत्सुकता वाढते. उत्तर आलं नाही, तर तो वाचतोय असं समजा.

चुकून कुणी फोन उचललाच, तर पहिला प्रश्न येईल, "किती नग?"

"सध्या दोनशे. पण पुढच्या वर्षी दोन लाख."

पलीकडे क्षणभर शांतता पसरेल. ती आदराची आहे असं धरून चाला. पुढच्या वर्षीचे दोन लाख त्याने आजवर इतक्या जणांकडून ऐकलेत की ते सगळे खरे झाले असते तर फोन उचलायला त्याने वेगळा माणूस ठेवला असता.

मग तो किमान ऑर्डर सांगेल, आणि तुम्हाला तो आडमुठा वाटेल. तसंच वाटू द्या. मशीनवरचा आधीचा साचा उतरवून तुमचा चढवायचा, जुना रंग पूर्ण निघेपर्यंत प्लास्टिक वाया घालवायचं, सुरुवातीचे बरेच नग भंगारात टाकायचे, हा खटाटोप दोनशेला तेवढाच आणि वीस हजारांनाही तेवढाच. म्हणून 'तुमच्याकडे चालू असलेल्या रंगात देता का', 'तयार साच्यात बसतंय का', 'सेटिंगचा खर्च वेगळा लावा, पण नग कमी द्या' असलं काही बोलू नका. "जरा अ‍ॅडजस्ट करा ना" हेच म्हणत राहा.

कोटेशनं आली की सर्वांत लहान आकडा निवडा. आकड्यापुढची तीन अक्षरं नक्षीसाठी असतात. माल कुठपर्यंत कुणाच्या खर्चाने जाणार हे ती सांगतात. इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने १९३६पासून या अटी (इन्कोटर्म्स) ठरवल्या आहेत, २०२०च्या आवृत्तीत त्या अकरा आहेत. एकाने दर 'ईएक्सडब्ल्यू' दिला, म्हणजे माल कारखान्याच्या दारातून तुम्ही उचलायचा. दुसऱ्याने 'डीडीपी' दिला, म्हणजे भाडं आणि आयातशुल्क भरून तोच तुमच्या दारात आणून देणार. दोन आकडे शेजारी ठेवून पहिला स्वस्त म्हणून जाहीर करा. फरक बंदरावर कळेल.

सॅम्पल सुंदर येईल. ते कारखान्यातल्या सर्वांत हुशार कारागिराने टेबलावर बसून घासूनपुसून केलेलं असतं. त्यावर दोघांच्या सह्या घेऊन एक नग सीलबंद ठेवायची पद्धत आहे, ती संशयी लोकांची. भिंतीवरचं आयएसओ ९००१ पुरे. ते प्रमाणपत्र कामाच्या पद्धतीचं असतं, तुमच्या वस्तूचं नव्हे, हे कुणाला सांगू नका. तीस टक्के आगाऊ, सत्तर टक्के माल निघण्याआधी, असं ठरलं असेल तर सत्तर भरून मग तपासणीला माणूस पाठवा. साच्याचे पैसे तुम्ही भरले तरी मालकी कागदावर आणू नका. सप्लायर बदलायची वेळ आली की साचा त्याच्याच शेडमध्ये सुखरूप राहील.

आणि दुसरा सप्लायर? छे, निष्ठा एकाशीच. १७ मार्च २००० रोजी वीज कोसळल्यामुळे अमेरिकेत अल्बुकर्कीतल्या फिलिप्सच्या चिप कारखान्यात आग लागली. ती थोड्याच वेळात विझली, पण धूर आणि पाण्याने चिप बनवायच्या धूळमुक्त खोल्यांची वाट लागली. नोकिया आणि एरिक्सन या दोन्ही मोबाइल कंपन्या तिथून चिप घेत. नोकियाने लगेच धावाधाव करून इतरांकडून चिप मिळवल्या. एरिक्सनकडे पर्यायच नव्हता, आणि पुढच्याच वर्षी त्यांचा मोबाइलचा धंदा सोनीबरोबरच्या भागीदारीत गेला. तुमच्या बाबतीत वीज वगैरे कोसळायची गरज नाही. सप्लायरला एक मोठा गिऱ्हाईक मिळाला की काम भागतं.

शेवटी सप्लायरच्या बिलाचं. ते थकवा, फोन टाळा, 'अकाउंट्सकडे आहे' म्हणा, अकाउंट्स म्हणजे तुम्हीच असलात तरी. छोट्या गिऱ्हाइकाकडे वेळेवर पैसे देण्यापलीकडे वजन टाकायला फारसं काही नसतं. तेवढंही वापरलंत, तर एखाद्या गर्दीच्या आठवड्यात तो तुमचे दोनशे नग आधी काढून द्यायचा.