हजारो पेशंटांचा फॉरवर्ड आणि काकीचं कालनिर्णय

गेल्या वर्षीच्या शिमग्यापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, परवा तो परत आला, ह्या वेळी डोंबिवलीच्या दादाकडून, खाली हात जोडलेले तीन इमोजी. थोडक्यात म्हणणं असं की डॉक्टर आजार पुस्तकात वाचतो पण पेशंट तो जगतो, म्हणून शुगरच्या ऑनलाइन ग्रुपमध्ये हजारो लोकांना जो अनुभव आला तेच खरं सायन्स, बिग डेटा कधी खोटं बोलत नाही, कंपन्या हे सगळं दाबून ठेवतात, तेव्हा गोळ्या सोडा, जांभळाच्या बियांची पावडर घ्या आणि आपापले रिपोर्ट नाव झाकून ग्रुपवर टाका. दादा, फोनवर तुला सांगून झालं, आता लिहूनच टाकतो, कारण हे आपल्याच घरात घडलंय. काकीला विचारूनच लिहितोय.

पेशंटला जे कळतं ते डॉक्टरला कळत नाही, हा पहिला मुद्दा. अर्धा खरा आहे आणि तेवढ्यासाठी मी कुणाशीही भांडेन. अमेरिकेत स्टीफन हेवूड नावाच्या तरुणाला १९९८ मध्ये एएलएस झाला, शरीरातले स्नायू एकेक करून निकामी होत जाणारा आजार. त्यातून त्याच्या भावांनी २००४ मध्ये पेशंट्सलाइकमी नावाची साइट काढली, कोणतं औषध, किती डोस, चालणं-बोलणं किती कमी झालं, सगळं पेशंटनेच भरायचं. २००८ मध्ये इटलीतल्या एका छोट्या अभ्यासात आलं की लिथियम नावाच्या औषधाने हा आजार मंदावतो, झालं, आयुष्य हातातून चाललेली माणसं कशाला थांबतील, बऱ्याच जणांनी लिथियम सुरू केलं. आता फॉरवर्डच्या हिशेबाने 'मला फरक पडला' असे शंभर मेसेज आले की काम झालं. पण तिथे लिथियम घेणाऱ्या १४९ जणांच्या शेजारी, ज्यांचा आजार त्यांच्याइतक्याच वेगाने वाढत होता पण जे लिथियम घेत नव्हते, असे पेशंट ठेवून बघितलं. २०११ मध्ये निकाल छापून आला, १२ महिन्यांनी दोघांत काही फरक नाही. नंतर रीतसर चाचण्या झाल्या, त्यांतही तेच निघालं. पेशंटांनी स्वतः जमवलेल्या डेटाचं एवढं गाजलेलं काम, आणि त्याचं उत्तर काय तर 'हे चालत नाही'. तुझ्या त्या शुगरच्या ग्रुपवर असं लिहिलेली एक तरी पोस्ट दाखव, मी पावडरीचा डबा स्वतः आणून देतो.

"बिग डेटा खोटं बोलत नाही." इथे काकी येते.

काकी शुगर मशीनवर बघते आणि आकडा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या चौकोनात लिहिते, दुधाचा हिशेब आणि सिलेंडरची तारीख पण तिथेच. फॉरवर्ड आल्यावर पावडर सुरू झाली, गोळी आधी अर्धी झाली मग बंद, म्हणाली, "माका बरा वाटता, आता गोळी कित्याक?" आणि चौकोनातले आकडे खरंच चांगले, १२८, १३५, १२२. दादाने त्या पानांचे फोटो काढून ग्रुपवर टाकले, लाइक पडले, म्हणजे आमची काकी पण त्या हजारोंमध्ये जमा झाली. जूनमध्ये पाय बधिर व्हायला लागले म्हणून कुडाळला नेलं तर तीन महिन्यांची शुगर, ती एचबीएवनसी म्हणतात ती, ९.८, म्हणजे चांगलीच वाढलेली. डॉक्टरीणबाई काकीकडे बघतायत, काकी माझ्याकडे.

घरी येऊन कालनिर्णय परत काढलं. एप्रिल-मे मध्ये निम्मे चौकोन रिकामे. आंबा खाल्ला, फणस खाल्ला की दुसऱ्या दिवशी मशीन काढायचंच नाही. "त्या दिवशी कित्याक बघूचा, वाढलेलीच येतली मा!" एकही आकडा खोटा नव्हता, फक्त वाईट दिवस लिहिलेच नव्हते. एचबीएवनसीला असं गंडवता येत नाही कारण लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तिच्यावर चिकटलेली साखर सगळ्या दिवसांची असते, फणसाच्या पण. असे हजारो लोकांचे चौकोन एकत्र केले तर रिकामे चौकोन पण हजारो पट होणार ना? ज्याला पावडरीने काही झालं नाही तो गुपचूप ग्रुप सोडतो, ज्याचं बिघडलं तो हॉस्पिटलात असतो, आणि आपल्या वरच्या वाडीतल्या माणसाला पोस्ट टाकायला सड्यावर चढून रेंज शोधायला लागते, तो तर मुळात डेटात नाहीच.

डेटा अवाढव्य असला तरी तेच. गुगलने २००८ मध्ये लोक काय सर्च करतात त्यावरून फ्लूची साथ ओळखायचं काम सुरू केलं होतं, २०१२-१३ च्या हिवाळ्यात त्यांचा आकडा अमेरिकन सरकारच्या आकड्याच्या जवळपास दुप्पट गेला, २०१५ मध्ये गुंडाळलं. आपल्याकडे पेपरात लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस तापाची, बातमी आली की ताप नसलेला माणूस पण लेप्टो सर्च करतो, त्यातलंच हे. उलट २०१६ ला दोडामार्गात माकडताप आला तेव्हा रानात, काजूच्या बागांत मेलेली माकडं ही खूण होती, आणि ती कुठल्या सर्चमध्ये दिसणार, ती रानात जाणाऱ्यालाच दिसणार.

"कंपन्या स्वस्त उपाय दाबतात." कंपन्यांची वकिली मला करायची नाही, नफ्याचं औषध त्या जास्त पुढे करतात हे खरंच आहे. पण कोकणात बसून हे वाक्य फॉरवर्ड करणाऱ्याला महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर माहीत नसतील तर कमाल आहे. लाल विंचू चावून माणसं जायची, त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या, १९८२ मध्ये त्या लॅन्सेट ह्या डॉक्टरांच्या नावाजलेल्या मासिकात छापून आल्या, आणि १९८६ मध्ये प्राझोसिनबद्दल पण तिथेच. प्राझोसिन म्हणजे ब्लडप्रेशरची जुनी, स्वस्त गोळी! कुणी दाबली? आणि मला सगळ्यात आवडतं ते पुढचं, विंचवाची लस, म्हणजे विषावरचा उतारा, हाताशी आल्यावर त्यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून आपलंच औषध तपासायला लावलं, एका गटाला नुसतं प्राझोसिन, दुसऱ्याला लस आणि प्राझोसिन, आणि दुसरा गट लवकर बरा होतो असं २०११ मध्ये स्वतःच छापलं.

राहिलं नाव झाकून रिपोर्ट टाकायचं. लताना स्वीनी ह्या संशोधक बाईंनी २००० मध्ये दाखवलं होतं की जन्मतारीख, बाई की पुरुष आणि पिनकोड एवढ्यावरून अमेरिकेतली ८७ टक्के माणसं एकेकटी ओळखता येतील. दादा, तू टाकलेल्या फोटोत काकीचं नाव नव्हतं पण कालनिर्णयवर खाली आपल्या पतपेढीचा शिक्का होता. गावात त्या पतपेढीचे सभासद किती आणि त्यातल्या डायबेटिसवाल्या बायका किती, मोज बोटांवर. डॉक्टरला पेशंटचं गुपित राखायचं बंधन असतं, ग्रुपच्या अ‍ॅडमिनला कसलं?

ग्रुप सोड असं म्हणत नाहीये. इन्सुलिन फ्रीज नसताना माठात कसं ठेवायचं, पायाला जखम झाली तर काय बघायचं, हे काकी तिथेच शिकली. गोळीने काही उलटसुलट झालं तर ते ग्रुपवर लिही, पण त्याबरोबर औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणारा सरकारचा फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम आहे २०१० पासून, त्यांच्या १८००-१८०-३०२४ ह्या टोल फ्री नंबरवर पण सांग, पेशंट स्वतः सांगू शकतो, डॉक्टरच लागतो असं नाही.

काकीची गोळी परत सुरू आहे, पावडरीचा डबा हिंगाच्या मागे. ह्या वर्षीचं मे महिन्याचं पान मी मुद्दाम जाऊन बघितलं, एकही चौकोन रिकामा नाही. १७ तारखेला २८६, आणि बाजूला बारीक अक्षरात 'फणस'.