डिस्चार्ज घेताय? डबा बांधून न्या

कोल्हापुरात राहताय आणि घरात सत्तरी ओलांडलेलं एक तरी माणूस आहे, म्हणजे आज ना उद्या ट्रस्टच्या दवाखान्याची पायरी तुम्हाला चढायचीच आहे. आम्ही ती मागच्या आठवड्यात चढलो. बाथरूममध्ये आईचा पाय घसरला, उजवं मनगट मोडलं, प्लेट बसवावी लागली. चार दिवस मी तिथल्या बाकड्यावर काढले. त्यात जी विद्या मिळाली ती एकट्यानं पचवण्यासारखी नाही, म्हणून तुमच्या उपयोगासाठी चार सूचना लिहून ठेवतो. दवाखान्याचं नाव विचारू नका. वाचताना तुमच्या मनात जे नाव येईल तेच समजा.

सुरुवात गाडीपासून. वॉचमन शिट्टी मारेल तिथं गाडी लावू नका. तो सगळीकडंच मारतो, त्यामुळं गाडी घरीच ठेवलेली बरी.

आत गेल्यावर कायदा बोलू नका. धर्मादाय रुग्णालयानं तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी ताटकळत ठेवायचं नाही, आधी दाखल करायचं, जीव सावरायचा, असं मुंबई उच्च न्यायालयानं 2006 साली घालून दिलेल्या योजनेत आहे. मनगट मोडणं ही काही प्राणावरची गोष्ट नव्हे, हे मान्य. पण रांगेत माझ्या मागं एकजण बापाला घेऊन उभा होता. बाप छाती धरून बसलेला, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. त्याच्यासाठी म्हणून मी ही योजना काउंटरवरच्या पोराला सांगून बघितली. पोराचं वय बघता त्याचा आणि योजनेचा जन्म एकाच सुमाराचा असावा, पण दोघांची ओळख अजून व्हायची आहे. ‘काका, डिपॉझिटची एंट्री मारल्याशिवाय सिस्टीम पुढं जातच नाही,’ तो म्हणाला. मागच्यानं कुणाला तरी फोन लावला, पैसे आले, आणि सिस्टीम गेली की सुरळीत पुढं!

त्याच योजनेत आणखी एक गंमत आहे. 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, वर 10 टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात, आणि या खर्चासाठी बाकीच्यांच्या बिलातले 2 टक्के बाजूला काढून वेगळा निधी. तसा फलक लॉबीत लावलेला आहे, कोण नाही म्हणतंय? जिन्याखाली, पाण्याच्या कूलरच्या मागं आहे. वाचायचा तर कूलर हलवावा लागतो. समोरच्या भिंतीवर मात्र राजर्षी शाहू महाराजांचा मोठा फोटो, रोज ताजा हार. ज्या राजानं 1902 साली संस्थानच्या नोकऱ्यांत 50 टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखल्या, त्याच्या फोटोखाली उभा राहून राधानगरीकडचा एक बाप 10 टक्क्यांतल्या एका खाटेसाठी हात जोडत होता. ‘कोटा फुल आहे, सोमवारी बघू,’ असं उत्तर मिळालं. ‘पोराचा पाय काय सोमवारपातूर थांबतोय व्हय साहेब?’ त्यानं विचारलं. साहेब हाराला उदबत्ती लावत होते.

रेशनकार्ड खिशात असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या टेबलाकडं जा. टेबल आहे, खुर्ची आहे, खुर्चीवर मदतीला नेमलेल्या आरोग्यमित्राचा स्वेटर आहे.

हे सगळं टाळायचं तर ओळख काढा. कोल्हापुरात हे अवघड नाही. इथं नाव विचारायच्या आधी पेठ विचारतात. शिवाजी पेठ म्हटलं की कुणाची तालीम, तालीम म्हटली की कुणाचा मावसभाऊ, आणि मावसभाऊ कुठल्या तरी साहेबांच्या गाडीवर असतोच. एक फोन गेला की जी खोली ‘रिकामी नाही’ होती ती पुसून तयार होते. मी फोन केला नाही. फुकटचा ताठा, दुसरं काय. आईला सहा जणांच्या वॉर्डात खिडकीजवळची खाट मिळाली आणि पुढं जे झालं ते बघता ते बरंच झालं म्हणायचं.

लिफ्ट ‘फक्त रुग्णांसाठी’ आहे. तुम्ही रुग्ण व्हा, किंवा कँटीनच्या चहाची किटली व्हा.

औषधाच्या दुकानाबद्दल. औषधं याच दुकानातून घेणं बंधनकारक नाही, अशी पाटी कॅलेंडरच्या मागून अर्धी दिसते. दिसलेली अर्धी ‘बंधनकारक’ एवढीच आहे, तेवढीच वाचा आणि रांगेत उभे राहा. चिठ्ठीवर हातमोजे लिहिलेले असतील. रोज असतील. चार दिवसांत आमच्या आईच्या नावावर इतके हातमोजे चढले की गल्लीतल्या सगळ्यांना वाटून खाली उरले असते. वॉर्डात मात्र ड्रेसिंगच्या वेळी सिस्टर मलाच विचारायच्या, ‘ग्लोव्हज आहेत का ओ?’

डॉक्टरांचा राउंड किती वाजता, हे विचारणं हा असभ्यपणा आहे. ‘येतील’ हे उत्तर आहे. ते चार दवाखाने करतात, वेळ त्यांना तरी कुठून माहीत असणार? आले की प्रश्न विचारायचे नाहीत, फक्त मान हलवायची. मी घड्याळ लावलं होतं, चाळीस सेकंद. हात उत्तम बसवलाय माणसानं, त्याबद्दल शब्द नाही. बोलायचे मात्र त्यांच्या बिलात धरलेले नसावेत.

आता आपण मुख्य प्रकरणाकडं येऊ. डिस्चार्ज.

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी डॉक्टर म्हणाले, ‘आजी, आज घरी जायचं.’ आई इतकी खुलली की मी तिला इतकी खुललेली गणपतीतसुद्धा बघत नाही. डाव्या हातानं आणि सुनेच्या मदतीनं तिनं पातळ बदललं, वेणी घालून घेतली, पिशवी भरली, पिशवीच्या वर चष्म्याचं घर ठेवलं आणि खाटेच्या कडेला पाय सोडून बसली. साडेदहा. एसटीची वाट बघतात तसं. तुम्ही असं करू नका. डिस्चार्ज सांगितला की पेशंटला परत झोपवा, पांघरूण घाला.

फाइल खाली बिलिंगला जाते. एक वॉर्डबॉय मामा ती काखेत मारून जातात, आणि वाटेत त्यांना इतर आठ कामं असतात. फाइल गेली की पेशंट वॉर्डाचा राहत नाही. बिल भरलं नाही तोवर तो घरचाही होत नाही. मधल्या काळात तो कुणाचा, याचा विचार अजून कुणी केलेला नाही.

आईला शुगर आहे. शुगरचा तक्ता खाटेलाच अडकवलेला असल्यामुळं बारा वाजता इन्सुलिन अगदी वेळेवर दिलं. साडेबाराला जेवणाची ट्रॉली आली. पाच खाटांवर ताटं ठेवली आणि सहावीवरून पुढं गेली. मला वाटलं विसरल्या. ‘मावशी, आईचं ताट?’

‘यादीत नाव न्हाई ओ. डिसचार्ज झालाय न्हवं त्येंचा?’

‘झालाय, पण आम्ही इथंच आहोत की.’

‘मी तर काय करतो आता? यादी खालनं येतीया,’ मावशी म्हणाल्या, आणि त्यांची काहीही चूक नव्हती.

सिस्टरना सांगितलं, इन्सुलिन दिलंय तुम्ही, पोटात काही नाही. त्यांनी खाली फोन लावला, उचलला नाही. म्हटलं, निदान शुगर तरी तपासा. ‘तपासते ओ, पण एंट्री कुठं करू? फाइल खाली आहे.’ मजल्यावरच्या बावीस खाटांना दोन सिस्टर, त्यातली एक ओटीला, म्हणजे ऑपरेशन थिएटरला गेलेली. त्या बाईवर ओरडून काय मिळणार होतं? तरी मी ओरडलो. ती गप्प उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मला तेव्हा दिसली.

मी कँटीनला पळालो. कूपन आधी, कूपनवाला जेवायला गेलेला. परत वर आलो तर आई घामाघूम, ओठ पांढरे, हात थरथरतोय, आणि शेजारच्या खाटेवरच्या पोराची आई तिला खडीसाखर भरवत होती. हो, तीच, राधानगरीची. नवऱ्यानं शेवटी दागिना ठेवून डिपॉझिट भरलं होतं. तिनं फडक्यातली भाकरी सोडली, आमटीत कुस्करली, ‘खावा आक्का, हळू खावा,’ म्हणत आईच्या डाव्या हातात चमचा दिला. अर्ध्या तासानं आईच्या तोंडावर रंग आला. सेवाभावी संस्थेतली सेवा कुठं मिळते असं कुणी विचारलं तर सांगा, दुसरा मजला, खिडकीपासून दुसरी खाट.

मग काय झालं? काही नाही. दोन ते तीन बिलिंगची जेवणाची सुट्टी, त्यांचं नाव यादीत असतं. तीनला फार्मसीचं क्लिअरन्स राहिलं होतं. ते झालं तर ओटीचं. न वापरलेल्या दोन सलाइनच्या बाटल्या परत करायला मी स्वतः गेलो, तर ‘परतीची वेळ अकरा ते एक.’ पावणेचारला बिल विमा कंपनीकडं गेलं. इथं तुम्हाला एक नियम सांगतो, पाठ करा. कॅशलेसमध्ये डिस्चार्जची मंजुरी विमा कंपनीनं तीन तासांत द्यायची, आणि उशीर झाल्यामुळं दवाखान्यानं जादा पैसे लावले तर ते कंपनीनं सोसायचे, असं विमा नियामकानं 2024 साली बजावलंय. आमच्या कंपनीनं पावणेदोन तासांत मंजुरी दिली. पण त्या नियमाचं घड्याळ दवाखान्यानं कागद पाठवल्यावर चालू होतं. सकाळी दहापासून पावणेचारपर्यंतचे तास कुठल्याच घड्याळात नाहीत. ते आपले, घरचे.

साडेपाचला मंजुरी आली आणि माझ्यासारख्या बावळटाला वाटलं, झालं. विम्यात न बसणारे तीन हजार आठशे साठ रुपये भरायचे होते. कशाचे? हातमोज्यांचे. स्कॅनर बंद, रोख द्या. एटीएम कोपऱ्यावर, त्यात पैसे नाहीत. शाहूपुरीपर्यंत जाऊन आलो. मग शिक्का मारणारे साहेब चहाला. सात वाजून पाच मिनिटांनी गेटपास मिळाला. वॉचमननं तो उजेडात धरून बघितला, शिक्का तपासला, पिशवीत दवाखान्याची चादर नाही ना तेही चाचपलं.

रिक्षात बसताना आईनं डाव्या हातानं दांडी धरली आणि मला दिसलं, तिच्या मनगटाच्या मागं सलाइनची सुई तशीच. पट्टीसकट. दिवसभर ती त्या हातानं जेवली, पाणी प्याली, पातळ सावरत होती. चार काउंटर, सहा सह्या, तीन शिक्के, आणि एकानंही त्या हाताकडं बघितलं नाही. मी पण नाही.

परत आत गेलो. सांगू काय म्हणाले? ‘पेशंट सिस्टीममधून गेलाय काका, ओपीडीचा नवीन केसपेपर काढावा लागेल.’

आता बास झाली चेष्टा. ट्रस्टी साहेब, तुमच्याशी बोलतोय. थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सरकारी सीपीआरमध्ये, गर्दी असते, औषधं संपतात, पण तिथं आलेला गरीब माणूस निदान कशासाठी आलोय हे समजून येतो. तुम्ही दारावर ‘सेवाभावी’ लिहिता. त्या शब्दावर सवलती घेता, देणग्या घेता, संगमरवरी पाटीवर देणगीदारांची नावं कोरता. मग बहात्तर वर्षांच्या बाईला इन्सुलिन देऊन उपाशी ठेवताना तुमची जनाची नाही तर मनाची तरी कुठं जाते? यात पैसा लागत नव्हता. नवीन मशीन लागत नव्हतं. ‘पेशंट दाराबाहेर जाईपर्यंत त्याचं जेवण बंद करायचं नाही’ एवढं एक वाक्य कुणीतरी लिहून स्वयंपाकघरात चिकटवायचं होतं. संगमरवराला पाथरवट-गवंडी मिळतात तुम्हाला, या कागदाला खळ मिळत नाही? आणि त्या एका सिस्टरच्या जिवावर बावीस खाटा ढकलताय, ती उद्या सोडून गेली की पेपरात ‘परिचारिका पाहिजेत’ म्हणून चौकट द्याल. टिकेल कशाला ती?

आणि आपणही काही कमी नाही. तीन हजार आठशे साठ रुपये कशाचे, असं विचारून मी पुढं काय केलं? भरले. सुटलो एकदाचे म्हणून भरले. तुम्हीही भरता. तक्रारपेटीला कुलूप आहे, किल्ली हरवलीय, हे बघून हसतो आणि जातो.

सुई शेवटी त्याच सिस्टरनं काढली. ड्यूटी संपवून घरी निघाली होती, खांद्याला पर्स. पोर्चमध्ये रिक्षा थांबवून, मोबाइलच्या उजेडात, कापूस दाबून धरत. केसपेपर नाही, एंट्री नाही. ‘दुपारी माझं लक्ष नव्हतं हो आजी,’ म्हणाली. आईनं तिच्या गालावरून हात फिरवला.

येत्या मंगळवारी टाके काढायचे आहेत, दहाची वेळ दिलीय. आईनं आत्ताच सांगून ठेवलंय, डबा दोघांचा घे, आणि त्या राधानगरीच्या पोराला वरचा एक.