"सवय लागेल हं औषधाची!" आणि आमचा पडदा

सकाळी सकाळी शी वर पोस्ट टाकतेय, ज्यांचे चहा-पोहे चालू आहेत त्यांनी नंतर वाचा. पण ज्यांच्या घरात दीड ते चार वर्षांचं पोर आहे ते पोहे खाता खाताच वाचणार मला माहितीये, कारण त्यांच्याकडे ताटावर पण हाच विषय असतो, झाली का, कधी झाली, किती झाली, खडा होता की मऊ होती.

आमचे चिरंजीव आता तीन वर्षांचे आहेत. गेल्या पावसाळ्यात ताप येऊन गेला, चार दिवस काही खाल्लं नाही, नुसतं दूध दूध, आणि मग एक दिवस एवढा मोठा कडक खडा आला की पोरगं किंचाळलं. पुसताना रक्ताची बारीकशी रेघ दिसली. मी पण रडले, ते जाऊदे. पण त्या दिवशी त्याच्या डोक्यात जे बसलं ते बसलं, शी म्हणजे दुखतं, मग शी करायचीच नाही, विषय संपला. दोन वर्षांच्या माणसाने काढलेला निष्कर्ष आहे आणि खरं सांगू का, त्याच्या जागी मी असते तर मी पण तोच काढला असता.

मग सुरू झाला पडदा. हॉलच्या खिडकीला जुना जाड पडदा आहे, शी आली की हा पडद्यामागे. खालून फक्त दोन पावलं दिसायची, टाचा वर, एक पाय दुसऱ्यात अडकवलेला. आत डोकावलं तर एका हाताने ग्रिल घट्ट धरलेलं, चेहरा लालबुंद, कपाळावर घाम. आणि आम्ही सगळे बाहेर उभे राहून, लाव लाव जोर लाव, शाब्बास, हं हं हं... सासूबाई तर त्याच्याबरोबर स्वतः कुंथायच्या. तीन आठवडे आमच्या घरी रोज संध्याकाळी हा कार्यक्रम होता.

नंतर ज्या डॉक्टर मॅडम मिळाल्या त्यांना मी मोबाईलवर काढलेला व्हिडिओ दाखवला (हो काढला होता, आया काय काय शूट करतात विचारू नका). त्यांनी दहा सेकंद बघितला आणि म्हणाल्या, अहो हा जोर लावत नाहीये, हा रोखून धरतोय. ज्याला करायची असते तो गुडघे वाकवतो, खाली बसायला बघतो, हा बघा कसा ताठ उभा आहे पाय आवळून, चवड्यांवर. म्हणजे तीन आठवडे तो बिचारा जीव तोडून शी आत ढकलत होता आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो 🤦‍♀️

पण त्या मॅडमपर्यंत पोचायच्या आधी अजून एक घोळ झाला तो सांगायलाच हवा, कारण हा बऱ्याच घरात होत असणार. मध्येच त्याला पातळ व्हायला लागलं. डायपर उघडलं की पातळ घाण वासाचे डाग, दिवसातून पाच-सहा वेळा. आम्हाला वाटलं चला, बद्धकोष्ठ सुटलं, आता जुलाब लागले. मग काय, भाताची पेज, साबुदाण्याची खीर, डाळिंबाचा रस, सगळं पोट बांधणारं म्हणून जे जे माहीत होतं ते सुरू. एका ठिकाणी दाखवून पण आणलं, तिथे पोटाला हातही न लावता जुलाबाचं सिरप लिहून दिलं आणि सोबत प्रोबायोटिकच्या पुड्या. दोन मिनिटांत बाहेर.

मॅडमनी त्याला टेबलावर झोपवलं, पोट चाचपलं आणि माझा हात धरून बेंबीच्या खाली डाव्या बाजूला ठेवला. काय लागतंय? मी म्हटलं गोळा आहे. कणकेच्या गोळ्यासारखा, थोडा दाबला जाणारा, पण चांगला मोठा. म्हणाल्या ही शी आहे, साठलेली, कितीतरी दिवसांची. मोरी तुंबली की पाणी कडेकडेने झिरपतं ना तसं वरचं पातळ ह्या गोळ्याच्या बाजूने झिरपून डायपरमध्ये येतंय. म्हणजे जुलाब नव्हतेच. तुंबलेल्या मोरीला आम्ही वरून अजून बूच लावत होतो.

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. शी बरेच दिवस आत साठून राहिली की शेवटचा भाग, गुदाशय, ताणून मोठा होतो, आणि ताणलेल्या जागेला 'आली आली' हा निरोपच नीट कळत नाही. आत राहिली तेवढं आतडं पाणी शोषत राहतं, शी अजून कडक, मग अजून दुखणार, मग तो अजून रोखणार. पोरगं हट्टी नाहीये, चक्रात अडकलंय. त्यामुळे आधी साठलेलं पूर्ण बाहेर काढायचं आणि मग कित्येक महिने शी मऊच ठेवायची, म्हणजे ताणलेला भाग परत जागेवर येईल आणि मुख्य म्हणजे पोराच्या डोक्यातून 'दुखतं' हे पुसलं जाईल. पॉलिइथिलीन ग्लायकॉल नावाची पावडर दिली, पेग म्हणतात तिला. डोस वजनावर ठरतो त्यामुळे किती वगैरे मी इथे लिहिणार नाही, इनबॉक्समध्ये पण विचारू नका. पहिल्या शनिवार-रविवारी जे काही झालं त्याचं वर्णन पोह्यांसाठी टाळते. दोन चादरी टाकून दिल्या एवढंच.

आता येते मुद्द्यावर. महिने, हा शब्द घरी सांगितला आणि जो कोरस सुरू झाला! सासूबाई, बाई गं सवय लागेल. माझी आई फोनवर, सवय लावू नकोस हं. शेजारच्या काकू, ऑफिसमधली मैत्रीण, आणि मेडिकलवाला!! त्याने डबा हातात देता देता विचारलं, मॅडम एवढ्या लहान बाळाला इतके दिवस? नवरा तोंडाने काही बोलला नाही पण गुगल करत बसला, ते जास्त वाईट.

आणि मी काय केलं? एकोणिसाव्या दिवशी बंद केली. कारण तोपर्यंत रोज मऊ होत होती, म्हटलं झालं बरं, कशाला उगाच. बंद केल्यापासून बाराव्या दिवशी पडद्याखाली परत पावलं. त्यामुळे ही पोस्ट मी कुणावर बोट दाखवायला लिहीत नाहीये, ते एकोणीस दिवस माझे स्वतःचे आहेत. मॅडम ओरडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या की सगळ्याच आया इथेच थांबवतात.

ही सवयीची भीती येते कुठून ह्याचा मी नंतर बराच विचार केला. मला वाटतं ती येते आजोबांच्या चूर्णातून. आपल्या प्रत्येक घरात एक आजोबा असतात ज्यांचा चूर्णाचा डबा उशाशी असतो आणि वीस वर्षं झाली ते घेतल्याशिवाय त्यांचं सकाळी काही हलत नाही. त्या चूर्णात बहुतेक वेळा सोनामुखी असते, ती आतड्याला टोचून हलवते. आपण पोटाचं औषध म्हटलं की तेच डोळ्यासमोर आणतो. ही पावडर तसं काही करत नाही, ती शरीरात जवळजवळ शोषलीच जात नाही, आतड्यात पाणी धरून ठेवते आणि त्या पाण्यासकट बाहेर पडते, बस. डाळ भिजत घातल्यासारखं आहे, डाळीला काय भिजायची सवय लागते का?

आणि गंमत बघा, सवयीला घाबरणारे आम्हीच बाकी कशाला घाबरत नाही. साबणाची कांडी करून पोराच्या ढुंगणात घालायला घाबरत नाही. विड्याच्या पानाचं देठ तेलात बुडवून घालायला घाबरत नाही, माझ्या सख्ख्या मावशीने मला फोनवर स्टेप बाय स्टेप सांगितलं. ज्या पोराला त्याच जागेची भीती बसलीये त्याच्या त्याच जागी अजून काहीतरी खुपसायचं! दर रविवारी एरंडेल द्यायला घाबरत नाही, ह्यावर तर आमच्याकडे मोठं भांडण झालं, दोन दिवस मी आणि सासूबाई एकमेकींशी फक्त कुकरच्या शिट्ट्यांपुरतं बोलत होतो. ग्राइप वॉटर तर काय घरचंच, ते १८५१ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या वुडवर्ड नावाच्या औषधवाल्याने काढलं आणि जुन्या फॉर्म्युल्यात चक्क अल्कोहोल होतं, म्हणजे आपले आजी-आजोबा गाढ का झोपायचे ते कळलं असेल 😄 आता नसतं, पण तेव्हा सवय लागेल असं कुणी म्हटल्याचं ऐकलं नाही मी.

दुधाचं पण तसंच. आमच्या साहेबांच्या दिवसाला तीन बाटल्या होत्या, अडीचशेच्या, म्हणजे पाऊण लिटर, आणि आम्हाला अभिमान, दूध काय छान पितो हो. मॅडमनी ४०० ते ५०० मिलीच्या वर नको सांगितलं, कारण एवढ्या दुधाने पोट भरतं मग भाजी-पोळीला जागाच नाही, शी घट्ट होते आणि वर लोह कमी पडतं. तपासलं तर हिमोग्लोबिन कमीच निघालं. दुसरा धक्का नाचणी सत्त्व. मला वाटायचं नाचणी म्हणजे फायबर. पण सत्त्व करताना आपण काय करतो, भिजवायची, वाटायची, फडक्यातून गाळायची आणि चोथा टाकून द्यायचा. तो चोथाच तर फायबर! म्हणजे पोराला गाळलेली नाचणी, मऊ भात, मारी बिस्किट आणि पाऊण लिटर दूध, शी येणार कुठून. आता नाचणीची भाकरी कुस्करून देते, पेरू, पपई, भिजवलेल्या काळ्या मनुका, अख्खे मूग. पिकलेल्या केळ्याला मी उगाच घाबरत होते.

पण इथे एक सांगते, कारण ह्यात आयांना फार ऐकवतात, पाणी पाजत नाहीस, भाज्या देत नाहीस. युरोप आणि अमेरिकेतल्या मुलांच्या पोटाच्या डॉक्टरांच्या संघटनांनी २०१४ साली एकत्र बसून ह्या विषयावर जे मार्गदर्शन काढलं त्यात म्हटलंय की खाणंपिणं नॉर्मल असावं, पण गरजेपेक्षा जास्त पाणी पाजून किंवा जास्तीचं फायबर देऊन हे बरं होतं असा पुरावा नाही. आणि औषध कमीत कमी दोन महिने द्या, सगळं सुरळीत होऊन एक महिना झाल्याशिवाय कमी करायला घेऊ नका, आणि कमी करताना पण हळूहळू. मी एकोणिसाव्या दिवशी! असो.

सासूबाईंचं एक मात्र शंभर टक्के बरोबर निघालं आणि ते मी त्यांना सांगितलं पण. हा लहान असताना त्या खाली बसून पाय पुढे पसरायच्या, मध्ये पेपर, आणि ह्याला दोन पावलांवर बसवायच्या, गुडघे वर पोटाशी. रोज सकाळी खाऊन झाल्यावर. मी तेव्हा नाक मुरडलं होतं आणि नंतर हजार रुपयांचं गाडीच्या आकाराचं पॉटी आणलं ज्यावर त्याचे पाय लोंबकळायचे. मॅडमनी काय सांगितलं असेल? जेवल्यावर आतडं आपोआप हलतं म्हणून जेवण झालं की पाच-दहा मिनिटं बसवा, पायाखाली टेकायला काहीतरी द्या, गुडघे कंबरेच्या वर आले पाहिजेत. आता देवघरातला जुना पाट बाथरूममध्ये गेलाय (दुसरा आणलाय देवाला, काळजी नसावी). बसला की स्टिकर, झाली नाही तरी स्टिकर. आणि पॉटी ट्रेनिंगची घाई चार महिने बंद, डायपरमध्ये करतोय तर करू दे. प्लेस्कूलवाल्यांनी डायपर चालणार नाही म्हणून तोंड वाकडं केलं, आम्ही ते प्लेस्कूलच सोडलं.

अंगावर दूध पिणारं, दीड महिन्याच्या पुढचं तान्हं बाळ आठवडाभर शी न करता मजेत खेळत असेल आणि झाली की मऊ असेल तर बहुतेक वेळा ते नॉर्मल असतं, तिथे कांड्या-बिंड्या घालू नका. पण जन्मल्यावर पहिली काळी शी ४८ तासांत झालीच नव्हती, पोट टम्म फुगतंय, हिरवी उलटी होतेय, वजन वाढत नाहीये, असं काही असेल तर ही पोस्ट वाचत बसू नका, डॉक्टरकडे जा. हिर्शस्प्रुंग नावाचा जन्मतः असणारा आजार असतो, आतड्याच्या शेवटच्या भागात नसांच्या पेशीच नसतात, त्याला ऑपरेशन लागतं, मनुका नाही.

आमचं सांगायचं तर आता दहा महिने झाले. डोस अर्ध्यावर आलाय. मधे लग्नाला कराडला गेलो, पाहुण्यांनी भरलेलं घर, एकच संडास, बाहेर रांग, साहेबांनी परत दोन दिवस रोखली. मी काही बोलायच्या आत सासूबाई पिशवीतून पावडरचा डबा काढून पाण्यात ढवळत होत्या आणि कुठल्याशा आत्याबाईंनी हे काय गं विचारलं तर म्हणाल्या, डाळ भिजत घालतेय.

कमेंटमध्ये तुमचे अनुभव लिहा, डॉक्टरांनी काय सांगितलं, किती महिने लागले, खरंच वाचायला आवडेल. फक्त एरंडेल लिहू नका कुणी. सासूबाई पण फेसबुकवर असतात, आणि त्यांचं अजून पूर्ण मतपरिवर्तन झालेलं नाहीये 🙏