टाकी अर्धी ठेवू नका

मे महिना लागला की तो फॉरवर्ड उगवतोच, तोही इंडियन ऑइलच्या नावाने. 'उष्मा वाढतोय, टाकी फुल करू नका, अर्धीच भरा, नाहीतर स्फोट होईल. दिवसातून एकदा झाकण उघडून गॅस जाऊ द्या.' यंदा आमच्या वाडीच्या ग्रुपवर त्याला शेपूटही फुटलंय: पेट्रोल पहाटे भरा, जुन्या गाडीला प्रीमियमच घाला, ग्रासकटरला ऑइल सढळ हाताने टाका.

आधी स्फोटाचं बघू. पेट्रोल ठिणगीशिवाय आपोआप पेटायला 250 अंशांच्या आसपास तापमान लागतं. चाळीस-बेचाळीसच्या उन्हात टाकी हाताला चटका देईल, फुटणार नाही. इंडियन ऑइलने स्वतःच हा मेसेज खोटा असल्याचं पूर्वी सांगितलंय: कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत टाकी बिनधास्त भरा, उन्हाळा असो की हिवाळा. गळ्यापर्यंत ठासून भरू नये हे खरंच. पेट्रोल तापलं की फुगतं, त्याला थोडी जागा लागते. पण थोडी म्हणजे अर्धी टाकी नव्हे! आणि झाकण उघडून सोडायची ती वाफच तर पेटते. घराच्या पडवीत, बाजूला चूल असताना हा सल्ला पाळणाऱ्याची मला खरोखर भीती वाटते.

आमच्या कोकणात या सल्ल्याचं नुकसान दिसतं ते पावसाळ्यात. अर्धी टाकी म्हणजे अर्धी दमट हवा. रात्री पत्रा गार पडला की आतून घाम सुटतो, थेंब तळाशी जातात. 2023 पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं, आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं. थोडं पाणी ते पोटात घेतं आणि इंजिन ते जाळूनही टाकतं. पण पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल पाण्याला धरून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि खाली बसतं. आमची जुनी टू-स्ट्रोक चेतक स्कूटर दोन पावसाळे अर्ध्या टाकीने पडवीत होती. मेनवर चालायची, रिझर्व्हला, म्हणजे टाकीच्या तळातल्या पेट्रोलवर, टाकली की फुर्रकन बंद. आडवी करून, किक मारून घोटा दुखायला लागला. शेवटी टाकी काचेच्या बरणीत रिकामी केली: वर पिवळसर पेट्रोल, खाली बोटभर गढूळ थर, तळाला गंजाची पूड.

ग्रासकटरमध्ये हाच थर जास्त घातक. टू-टी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलातच मिसळायचं ऑइल, राहतं वरच्या पेट्रोलमध्ये, खालच्या थरात ते जवळजवळ नसतंच. नळी तळातून ओढते. म्हणजे पिस्टनला ऑइलच मिळत नाही आणि तो चिकटतो.

मग 'ऑइल सढळ टाका' बरोबर? तेही नाही. पुस्तकात पेट्रोल-ऑइलचं प्रमाण 25:1 असेल तर लिटरला 40 मिली, 50:1 असेल तर 20. त्याहून जास्त टाकलं की प्लग काळा होतो, सायलेन्सर कार्बनने चोंदतो, आणि कार्बोरेटरच्या बारीक छिद्रातून (जेट) तेवढं पेट्रोल कमी जातं, म्हणून इंजिन उलट तापतं. बाटलीच्या झाकणाने अंदाजे ओतण्यापेक्षा औषधाच्या दुकानातली सिरिंज आणा.

पहाटेचं पेट्रोल गार, म्हणून जास्त मिळतं म्हणे? पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथे सकाळ-दुपारचा फरक नगण्य. एका अंशाचा धरला तरी पाच लिटरला साधारण पाच मिली.

प्रीमियमचा आकडा म्हणजे ऑक्टेन, इंजिनात ठोका न पडण्याची ताकद. चेतकसारख्या कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनाला ती लागत नाही. शिवाय 'प्रीमियम' लिहिलं म्हणून त्यात इथेनॉल नाही असं होत नाही. ते पैसे नव्या पेट्रोल पाइपवर घाला. जुनं रबर इथेनॉलने फुगतं आणि मऊ पडतं.

साठवायचंच तर घट्ट झाकणाच्या धातूच्या कॅनमध्ये, सावलीत, चुलीपासून लांब. पाण्याच्या बाटलीत कधीच नको; पोरं तोंडाला लावतात. विक्रीसाठी नसेल तर 30 लिटरपर्यंत परवाना लागत नाही, पण घरात एवढं हवंय कशाला? मी दोन लिटर आणतो, कॅनवर खडूने तारीख लिहितो. गवत काढून झालं की कटरची टाकी रिकामी करून तो बंद पडेपर्यंत चालवतो, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. महिनाभराने कॅनमध्ये ऑइल मिसळलेलं उरलं असेल ते, त्यात साधं पेट्रोल घालून, चेतकला जातं, तिला ऑइलचं चालतंच. अ‍ॅक्टिव्हा फोर-स्ट्रोक, तिच्यात मात्र ओतू नका.