‘साध्या कॉपीला दीड दिवस आणि दोन हार्ड डिस्क?’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

दोन स्टार का दिले ते तुम्ही स्पष्ट लिहिलंत: कोर्टात पुरावा म्हणून द्यायच्या 2 टीबीच्या डिस्कची कॉपी करायला दीड दिवस लागला, 4 टीबीच्या दोन नव्या हार्ड डिस्क घ्यायला लावल्या, आणि तुम्ही आणलेली पोर्टेबल डिस्क आम्ही वापरली नाही. तुमच्या प्रकरणाबद्दल इथे एक अक्षरही लिहिणार नाही. डिस्कबद्दल मात्र सविस्तर सांगतो, कारण हे प्रश्न बऱ्याच जणांना पडतात.

आम्ही फाइली कॉपी-पेस्ट केल्या नाहीत. राइट ब्लॉकर (मूळ डिस्कवर काहीही लिहिलं जाऊ न देणारं उपकरण) लावून मूळ डिस्कचा प्रत्येक सेक्टर, म्हणजे साठवणुकीचा छोट्यात छोटा तुकडा, वाचला, रिकामा दिसणारासुद्धा, कारण डिलीट केलेलं बरंचसं तिथेच सापडतं. सेकंदाला 120 एमबी वेग धरला तरी 2 टीबी वाचायला साडेचार तासांहून जास्त लागतात. मग इमेज, म्हणजे डिस्कची ही हुबेहूब प्रत, पुन्हा पूर्ण वाचून हॅश (डेटावरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा आकडा) जुळवायचा, म्हणजे जवळपास तेवढाच वेळ परत. त्याआधी नव्या डिस्कही शून्यांनी भरून तपासतो. 4 टीबी नुसतं भरण्यातच सहा-सात तास जातात. सील फोडून आणलेली कोरी डिस्क खरंच कोरी होती का, हा प्रश्न उलटतपासणीत येऊ शकतो.

4 टीबी अशासाठी, की 2 टीबीची रॉ, म्हणजे कॉम्प्रेस न केलेली, इमेज 2 टीबीच्याच डिस्कवर मावत नाही. फाइल सिस्टिमलाही जागा लागते. ई01 या इमेजच्या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये कॉम्प्रेशन होतं, पण फोटो, व्हिडिओ आणि एन्क्रिप्टेड डेटा त्याने फारसा आकसत नाही. मूळ डिस्कवर काय निघेल हे आधी कळत नसतं. रात्री दोन वाजता जागा संपून इमेजिंग थांबण्यापेक्षा मोठी डिस्क परवडते.

तुमच्या पोर्टेबल डिस्कवर जुन्या फाइली होत्या, एवढं एक कारण पुरेसं होतं. शिवाय ती एसएमआर प्रकारची होती. या प्रकारात डेटा लिहिण्याचे ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. सुरुवातीला ती झपाट्याने लिहिते, पण सलग मोठं लिखाण चाललं की कॅशे (तात्पुरत्या साठवणीची जागा) भरतो आणि वेग कोसळू शकतो. म्हणून आम्ही सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवलेल्या), 7200 आरपीएमच्याच डिस्क घेतो. खोक्यावर हे बहुधा छापलेलं नसतं. मॉडेल नंबरवरून कंपनीच्या डेटाशीटमध्ये बघावं लागतं.

‘एसएसडीच्या जमान्यात हार्ड डिस्क कशाला?’ असंही तुम्ही विचारलंत. विश्लेषण आणि इंडेक्सिंग (शोधासाठी सूची बनवणं) आम्ही एनव्हीएमई या वेगवान प्रकारच्या एसएसडीवरच केलं, नाहीतर आणखी वेळ गेला असता. पण दावा वर्षानुवर्षं चालू शकतो. वीज न मिळता कपाटात पडून राहिलेल्या एसएसडीतला चार्ज हळूहळू उतरू शकतो आणि त्यासोबत डेटाही जाऊ शकतो. तो धोका मी तुमच्या पुराव्याबाबत पत्करणार नाही.

दोन डिस्क म्हणजे एक सीलबंद आणि एक कामाची. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली डिजिटल पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू लिहावीच लागते. कामाची डिस्क बिघडली तर सीलबंद प्रतीवरून तोच हॅश पुन्हा दाखवता येतो. एकच प्रत असती तर काय दाखवणार?

बिलावर दोन्ही डिस्कचे मॉडेल आणि सिरियल नंबर आहेत, किमतीची बाजारात खात्री करून घ्या. वकिलांसाठी तिसरी प्रत हवी असेल तर 4 टीबीची नवी, सीएमआर डिस्क तुम्हीच आणा. आम्ही फक्त कामाचे पैसे घेऊ. सीलबंद पाकीट मात्र कोर्टात देईपर्यंत उघडू नका.